हेमराजच्या बाजूचा डोंगर

नेपल्स शहरात पाय ठेवल्यापासून रतिलाल महाजन ज्या ज्या गोष्टींवर चिडला, त्यांत पहिला मान वाळत घातलेल्या कपड्यांचा होता. गल्ली एवढीशी, दोन्ही बाजूंना उंच जुनी घरं, आणि या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांवर चादरी, टॉवेल आणि चारचौघांत दाखवू नयेत असे सगळे कपडे. खालून स्कूटरवाले हॉर्न वाजवत अंगावर येत होते. वरून एक बाई दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत होती आणि सोडता सोडता खालच्या भाजीवाल्याशी भांडत होती. टूरमधली मंडळी माना वर करून याचे फोटो काढत होती.

"हे पाहाले आलो का आपन?" रतिलाल बायकोवर खेकसला. "इतल्या लांब? पासपोर्ट काढून? जळगावच्या बाजारात काय कमी पडलं व्हतं?"

"हळू बोला," कुंदाबाई म्हणाली.

"कोनाले समजू राह्यलं इथी?"

"ज्याले समजतं तो पुढं चालू राह्यला."

रतिलालने मान झटकन दुसरीकडे वळवली. पुढे चालणारा माणूस म्हणजे हेमराज, त्याचा सख्खा धाकटा भाऊ. रावेरला दोघांची शेतं एका बांधाला लागून, घरं एका भिंतीला लागून, आणि दोघांत गेली काही वर्षं अवाक्षर नाही. कारण घडलं होतं बांधावर. हेमराजने वारा अडवायला बांधावर शेवरीची रांग लावली होती. एका उन्हाळ्यात असं वादळ आलं, की ती सगळी रांग आडवी झाली, आणि आडवी झाली ती रतिलालच्या केळीच्या बागेत, कापणीला आलेल्या घडांवर. रतिलाल बांधावर उभा राहून ओरडला, "तुझ्या झाडाइनं माझी बाग मोडली!" हेमराज तिकडून म्हणाला, "झाडं माझी व्हती भाऊ, वारा माझा व्हता का?"

या वाक्याला रतिलालला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्याने बोलणंच बंद केलं. उत्तर अजून सुचलं नव्हतं.

आता हे दोघे एका टूरमध्ये कसे, तर ती पोरांची करणी. रतिलालचा नवीन आणि हेमराजचा हितेंद्र पुण्यात नोकरीला. आईबापांना युरोप दाखवायचा म्हणून दोघांनी मिळून एकाच टूरवाल्याकडे तिकिटं काढली, आणि ही बातमी दोन्ही बापांना विमानतळावर एकमेकांची तोंडं पाहिल्यावर कळली. रतिलाल तिथूनच परत फिरणार होता, पण बॅगा आत गेल्या होत्या.

मग त्याने एक नियम केला. हेमराज ज्या बाजूला असेल त्या बाजूला बघायचंच नाही. बसमध्ये हेमराज उजव्या खिडकीशी बसला, की रतिलालची मान डावीकडे. त्यामुळे झालं असं, की रोम त्याने निम्मंच पाहिलं, आणि नेपल्समध्ये तर डावीकडे बहुतेक भिंती आणि पेट्रोल पंपच आले. उजवीकडून हेमराजचा आवाज मात्र सारखा यायचा, "वा! वा! काय हाये पाहा!" आणि तो मुद्दाम मोठ्याने म्हणतो याबद्दल रतिलालला तिळमात्र शंका नव्हती.

"चंदन," रतिलालने टूर मॅनेजरला दरडावून विचारलं होतं, "तुमच्या कागदात ज्वालामुखी लिहेल व्हता. तो कव्हा दाखवता?"

चंदन हा जामनेरचा तरुण गडी, आवाजाने गोड. तो गोंधळला. "काका, काल दाखवला ना. बसमधून. बोटीतूनही दिसत होता."

"मले नही दिसला."

बोटीत तर तो दिसणं शक्यच नव्हतं. बोट हलायला लागल्यापासून कुंदाबाईला ज्या उलट्या सुरू झाल्या, त्या परत किनाऱ्याला लागेपर्यंत. रतिलाल तिचं डोकं धरून समुद्राच्या तळाकडे बघत बसला होता. ज्वालामुखी दाखवायचं कबूल करून दाखवला नाही, अशी तक्रार गावी गेल्यावर करायचीच, हे त्याने ठरवून टाकलं.

आज टूरचा शेवटचा दिवस. सकाळी हॉटेलच्या खोलीत कुंदाबाईने बॅगेच्या तळातून, साड्यांच्या घडीखालून, एक स्टीलचा मोठा डबा काढून पलंगावर ठेवला. डब्यावर रतिलालच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, शालिग्राम महाजन. आत काठोकाठ दशम्या.

रतिलाल डब्याकडे बघतच राहिला. "रोट तं रोममधी संपला ना?"

"तो पहिला डबा संपला. हा दुसरा."

खानदेशातल्या माणसाला यापुढचं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगावं लागेल. श्रावणात एका रविवारी घरात कानबाई बसते. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन दळायचे. त्या पिठाचा जो स्वयंपाक होतो तो रोट. तो भाऊबंदांनीच खायचा. परक्याच्या तोंडी घास जाता कामा नये. खरकटं पुरता येतं, पण कुणाच्या वाट्याचा रोट टाकता येत नाही, आणि पौर्णिमेच्या आत सगळा संपावा लागतो. यंदा कानबाईचं विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी विमान होतं. म्हणून कुंदाबाईने उरलेल्या पिठाच्या गुळाच्या दशम्या करून बरोबर घेतल्या. रोममध्ये बाकीची टूर हॉटेलच्या नाश्त्यावर तुटून पडत होती, तेव्हा रतिलाल कोपऱ्यात पाठ करून दशम्या चावत होता. गेली काही वर्षं रोट असाच फार उरायचा आणि तो एकट्याने संपवायचा. त्या मानाने त्याचं पोटही पुढे आलं होतं.

"उद्या पौर्णिमा," कुंदाबाई म्हणाली. "आज दिवस मावळाच्या आत संपाले पाह्यजे."

"मंग खाय ना!"

"माझ्या पोटात पानी ठरत नही कालपासून."

"इतलं पीठ उरतंच कसं म्हनतो मी? घरात मानसं किती? मी आनि नवीन. मोजता येत नही का तुले?"

कुंदाबाईने खिडकीबाहेर पाहिलं आणि मळमळीसाठी जवळ ठेवलेलं लिंबू हुंगलं. "तुम्हाले खायचं नसन तं नका खाऊ," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून कानबाईचं कधी चुकू देल्लं नही मी. यंदा चुकन. काय व्हईन ते व्हईन."

 रतिलालने डबा काखेत मारला.

समुद्रात थोडा आत गेलेला एक जुना दगडी किल्ला बघायचा होता. दारात काळा चष्मा लावलेला रखवालदार. त्याने रतिलालच्या काखेतल्या डब्यावर बोट ठेवलं आणि मग शेजारच्या कचऱ्याच्या पेटीवर.

"काका, आत खायचं नेता येत नाही," चंदन म्हणाला. "तो म्हणतोय टाकून द्या."

"याले सांग, ही टाकाची वस्तू नही."

"मग मी खाऊन टाकतो ना. मला भूकच लागलीये."

"तू आमच्या भाऊबंदातला हाये का?"

"नाही, काका."

"मंग हात मांगे घे."

रखवालदाराने डब्याच्या झाकणाला हात लावला, आणि रतिलालच्या तोंडून जो आवाज निघाला तो रावेरला बांधापलीकडेही ऐकू गेला असता. रखवालदारही काही कमी नव्हता. दोघे दोन भाषांत, हात नाचवत, छातीला छाती लावून भांडले. एकमेकांचा शब्द कळत नव्हता आणि एकही मुद्दा सुटत नव्हता. मागे रांग खोळंबली.

"काही लोकाइमुळं बठ्ठ्याइले उन्हात उभं राहा लागतं," मागून हेमराज आपल्या बायकोला, प्रमिलाबाईला, म्हणाला. मग त्याची नजर डब्यावरच्या नावावर गेली आणि तो एकदम गप्प झाला. तो बोलला याचा रतिलालला राग आला, आणि गप्प का झाला याचा त्याहून जास्त.

शेवटी टूर आत गेली आणि रतिलाल बाहेर राहिला. समुद्राच्या कठड्याला टेकून, शहराकडे तोंड करून, तो दशम्या खायला बसला. ऊन असं, की जळगावचा मे महिना आठवावा. शेजारी कुंदाबाई लिंबू हुंगत बसली. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "भाऊजी पन आत नही गेले. त्या बाकावर बसेल हायेत, प्रमिला आनि ते."

"कोन्या बाजूले?"

"तुमच्या डाव्या."

झालं. डावी बाजूही बंद झाली. रतिलाल समोरच्या ट्रॅफिकवर डोळे रोखून चावत राहिला. तिसरी दशमी, चौथी दशमी. पाचवीला घास घशाशी फिरू लागला. त्याने डबा उघडाच मांडीवर ठेवला आणि पाण्याची बाटली शोधायला वाकला. एवढ्यात डोक्यावर सावली आली, पंख फडफडले, आणि कोंबड्याएवढा पांढरा समुद्रपक्षी डब्यातली एक दशमी चोचीत धरून कठड्यावर जाऊन बसला.

"व माय!" कुंदाबाई उभीच राहिली. "परक्याच्या तोंडी गेला रोट!"

"झाकन लाव आधी, भाऊ!" डावीकडून हेमराज ओरडला. "झाकन!"

इतक्या वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. आणि तोही हुकूम! रतिलालच्या हातात झाकण होतंच. तो ते लावणारही होता. पण आता हेमराजने सांगितल्यावर लावायचं म्हणजे काय? त्याने झाकण बाजूला आपटलं. पक्षी पुन्हा आला आणि दुसरी दशमी घेऊन गेला.

मग मात्र रतिलालने पायातली चप्पल काढली. डबा पोटाशी आवळून, एका पायात चप्पल आणि एक हातात, तो त्या पक्ष्यामागे धावला. पक्षी आरामात उडत, दर थोड्या अंतरावर वाट बघत थांबत होता. फिरायला आलेली माणसं बाजूला होऊन टाळ्या वाजवत होती. शेवटी पक्षी समुद्रावर निघून गेला, चप्पल त्याच्या मागे पाण्यात गेली, आणि रतिलालला उचकी लागली.

साधी उचकी नव्हे. सगळं अंग हलवणारी. समोरच लिंबू-सोड्याची टपरी होती. तिथल्या जाडजूड म्हातारीने त्याची अवस्था पाहिली, दोन मोठी लिंबं ग्लासात पिळली, वर पांढरी पूड टाकून फेस आणला आणि खुणेने सांगितलं, एका दमात. रतिलाल प्यायला. उचकी थांबली. म्हातारीने पैसे घेतले नाहीत. हसली, आणि उघड्या डब्याकडे बोट करून चिमूट ओठांना लावली. थोडं चाखू दे की.

रतिलालने डबा छातीशी घट्ट धरला आणि मान हलवली. नाही.

म्हातारीचं हसू गेलं. तिने पुन्हा खूण केली, एवढंसं. रतिलाल एक पाऊल मागे सरला. आता म्हातारी कमरेवर हात ठेवून जी बोलू लागली, ती टपरीवरच्या गिऱ्हाइकांना, रस्त्यावरच्यांना आणि वरच्या गॅलरीतल्यांना उद्देशून. तिचा शब्दन् शब्द रतिलालला कळत होता. फुकट प्यायला, आणि घासभर देता येत नाही! ज्या घराच्या दारावरून जाणाराही "या जेवायले" ऐकल्याशिवाय पुढे जात नाही, त्या घरातला हा माणूस. त्याचे कान गरम झाले. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्याला रागच यायचा.

"अरे, देवाचं हाये, देवाचं!" तो तिच्यावर ओरडला. "तुले कसं देऊ? देता येत नही!"

माणसं जमली. कुंदाबाई झाकण घेऊन धापा टाकत आली आणि तिच्या मागून हेमराज. हेमराजने गर्दीत वाट काढली, टपरीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, भावाच्या छातीशी धरलेल्या डब्यात हात घातला, दशमी काढली आणि खाऊ लागला.

रतिलालने डबा मागे ओढला. "कोनाले इचारून खाल्ली?"

"माझ्या वाट्याची हाये," हेमराज घास न गिळताच म्हणाला. "का वहिनी, माझ्या नावाची मूठ घेतली व्हती की नही?"

कुंदाबाईने पदर सारखा केला. "घेतली व्हती. तुमची आनि हितेंद्रची. दर वर्षी घेते."

"मले न सांगता?" रतिलाल गरजला.

"तुम्हाले सांगून घेतली असती तं घेऊ देल्ली असती का? कानबाईले काय माहीत तुमचं भांडन? घरातला मानूस तो घरातला."

"मंग दर वर्षी याचा वाटा जायचा कुठी? कोन खायचं?"

"तुम्हीच."

 मग हेमराज खुर्चीवरून उठला.

"म्हंजे इतके वरीस माझा रोट तू खाऊ राह्यला? माझा आनि माझ्या पोराचा? आनि गावभर सांगतो, हेमराजनं माझी बाग मोडली!"

"मले काय माहीत, कोनाचा व्हता!"

"पोटाकडं पाहून समजलं नही? त्या पाखराले जेवू घालतो, आनि सख्ख्या भावाले नही?"

"मी घातलं का त्याले? त्यानं नेलं!"

"झाकन लाव म्हनलं व्हतं!"

"तू सांगितलं म्हनूनच नही लावलं!"

म्हातारी बोलायची थांबली. तिने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. हेमराजने भांडता भांडताच तिला खुणेने सांगितलं. मी आणि हा, त्याने दोन बोटं एकमेकांना जोडली. मग डबा, मग वर आभाळाकडे हात. म्हातारीला एका दमात समजलं. तिने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे अगदी अशीच एक लिंबू-सोड्याची टपरी होती आणि तिच्यात अगदी असंच नाक असलेला एक म्हातारा उभा होता. म्हातारीने दोन बोटं जोडली, तोडली, आणि त्या दिशेला पाठ करून थुंकली. मग तिने आणखी चार खुर्च्या काढून दिल्या.

प्रमिलाबाई आतापर्यंत लांब उभी होती. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, यायचं म्हणून तिने गॉगलवरून पदर पुढे ओढला. त्यामुळे तिला काहीच दिसत नव्हतं. "अक्का," ती अंदाजाने कुंदाबाईकडे वळून म्हणाली, "जेठाइले म्हना, बसून भांडा. दिवस मावळून जाईन."

ते बसले. डबा मधल्या खुर्चीवर आला. प्रमिलाबाईनेही पदराआड एक दशमी घेतली, घरची सून म्हणून तिचाही हक्क होताच. दोघा भावांनी डबा उपसायला सुरुवात केली, आणि एकीकडे शेवरीच्या रांगेपासून सगळं पहिल्यापासून काढलं. घास तोंडात असला की ऐकायचं, गिळला की ओरडायचं. वरच्या गॅलरीतून माणसं वाकून पाहत होती. कुंदाबाईने आज पहिल्यांदा एक दशमी हातात घेतली. ती पोटात ठरली.

"पुन्हा तेच बोलन मी," हेमराज शेवटचा तुकडा मोडून अर्धा भावापुढे सरकवत म्हणाला. "झाडं माझी व्हती. वारा माझा व्हता का?"

रतिलालचा चेहरा लाल झाला. इतकी वर्षं न सुचलेलं उत्तर आता जिभेवर आलं होतं. ते तोंडावर मारायचं म्हणून त्याने बोट उगारलं आणि टूरमध्ये पहिल्यांदाच हेमराजकडे सरळ, डोळे रोखून पाहिलं. बोट तसंच राहिलं.

हेमराजच्या डोक्यामागे, समुद्राच्या पलीकडे, एक अवाढव्य निळसर डोंगर उभा होता. माथा कापल्यासारखा, दोन खांदे, आणि उतरत्या उन्हात पायथ्याची गावं पांढरी चमकत होती.

"हे काय व्हय?" रतिलाल म्हणाला.

हेमराजने मागे वळून पाहिलं. "ज्वालामुखी."

"कव्हापासून हाये हा इथी?"

"आपन आलो तव्हापासून. बसमधून दिसे. बोटीतून दिसे. इतल्या वेळचा माझ्या मांगंच तं हाये."

"मंग मले काबरं नही सांगितलं?"

"बोलत कुठी व्हता तू?" हेमराज ओरडला. "ओरडून ओरडून वा, वा म्हने मी! बसमधी घसा बसला माझा!"

रतिलालला सुचलेलं उत्तर कुठे गेलं कोण जाणे. तो काही वेळ त्या डोंगराकडे बघत राहिला. हातातला अर्धा तुकडा त्याने तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. कुंदाबाईने रिकाम्या डब्यावर झाकण दाबून बसवलं.

"सरक तिकडं," रतिलाल चिडून म्हणाला. "अर्धा डोंगर तुझ्या डोक्यानं झाकला."

हेमराजने खुर्ची उचलली आणि ती भावाच्या शेजारी आणून टाकली.